ऐकल्यापासून तीन दिवस

पहिलं भूत आलं ते थेट सासूबाईंच्या अंगावर. किल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरून आम्ही जेमतेम दहा पावलं चाललो असू. भिंतीतल्या कोनाड्यातून फाटक्या लष्करी कोटातला एक माणूस कंदील नाचवत उडी मारून पुढे आला आणि घसा खरवडून ओरडला. त्याचा अर्धा चेहरा रंगाने सडवलेला होता. सासूबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं.

"बाजूला हो बाबा," त्या मराठीत म्हणाल्या. "माझे गुडघे दुखतायत."

भुताला मराठी येत नव्हतं, पण तो मुकाट्याने बाजूला झाला. सासूबाई नातीचा हात धरून पुढे निघाल्या. नऊ वर्षांची केतकी हसून हसून वाकली होती. मुकुंद, माझा नवरा, तोही हसला, पण हसण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिलं. गेले चार दिवस तो काहीही करायच्या आधी माझ्याकडे पाहत होता. चहा घेताना, टीव्ही लावताना, गाडीत बसताना. मी हसले तर तो हसायचा. म्हणून मी हसले.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहत होतो. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक जुना दगडी किल्ला होता. सासूबाई साताऱ्याच्या, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या. त्यांना तो पहिल्यापासून पटला नव्हता. "याला किल्ला म्हणतात? मग चढ कुठाय?" असं त्या गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाल्या होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोविनच्या निमित्ताने, गावातलीच हौशी मंडळी तोंडं रंगवून त्या किल्ल्यात भुतं व्हायची आणि तिकीट काढून आलेल्यांना घाबरवायची. केतकीच्या वर्गातली निम्मी मुलं जाऊन आली होती. "आईची परीक्षा झाली की त्याच दिवशी संध्याकाळी जाऊ," असं मुकुंदने तिला सप्टेंबरातच कबूल केलं होतं. माझी परीक्षा त्या शनिवारी दुपारी तीन वाजता संपली होती.

आणि माझे वडील, नाना, बुधवारी वाईला वारले होते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे घरात कुणाला माहीत नव्हतं. बुधवारी सकाळी मी डायनिंग टेबलावर पुस्तकं पसरून बसले होते. ऑफिसला गेलेला मुकुंद अकराच्या सुमारास घरी परत आला. "डोकं दुखतंय," म्हणाला. स्वयंपाकघरात जाऊन आईशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलला. मग सासूबाई बाथरूममध्ये गेल्या आणि शॉवरचा आवाज यायला लागला. पहाटे सहाला न चुकता अंघोळ करणारी बाई अकरा वाजता पुन्हा डोक्यावरून न्हाऊन, ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आली. आमच्याकडे असं दुसऱ्यांदा कधी न्हातात ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कढी करू का आज?" मी म्हटलं, "करा." आणि मी पान उलटलं.

परीक्षा फार्मसीची होती. भारतातल्या पदवीवर तिथे औषधाच्या दुकानात उभं राहायचं तर ती द्यावीच लागायची. मी दोनदा नापास झाले होते. नानांचं वाईला औषधांचं दुकान होतं, त्यांच्यामुळेच मी या शिक्षणाला गेले होते. तेव्हा मुकुंदने आणि माझा भाऊ हेमंत याने काय ठरवलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको होता. पेपर होऊ दे, मग सांगू.

आता पेपर झाला होता. दुपारी तीन वाजता मुकुंद परीक्षाकेंद्राबाहेर गाडी घेऊन उभा होता. मला वाटलं, आता सांगेल. त्याने विचारलं, "कसा गेला?" मी म्हटलं, "बरा." मग त्याने रेडिओ लावला. घरी आल्यावर वाटलं, चहा झाल्यावर सांगेल. चहाही झाला. मग केतकी टोपी घालून दारात उभी राहिली आणि आम्ही भुतं बघायला निघालो. तो केव्हा सांगतो याची मी वाट पाहत होते. त्या संध्याकाळी माझं बाकी कशातच लक्ष नव्हतं.

दुःख झालं होतं का, असं कुणी विचारेल. खरं सांगायचं तर नाही. आत काहीच हलत नव्हतं. दात काढताना डॉक्टर सुई टोचतात, मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं.

आत शिरण्याआधी एका बाईने आम्हाला नियम सांगितले होते. भुतं तुम्हाला हात लावणार नाहीत, तुम्हीही त्यांना लावायचा नाही. फारच सहन झालं नाही तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, की दिवे लागतील आणि कुणीतरी तुम्हाला बाहेर नेऊन सोडेल. केतकीने ते आजीला मराठीत समजावलं.

"आजी, भीती वाटली तर हात असे करायचे."

"मला कशाला वाटेल? मेलेली माणसं काय करणार आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. मी केतकीच्या टोपीची नाडी बांधत होते.

सैनिकांच्या खोल्या झाल्या, मुदपाकखाना झाला, साखळ्या खळखळवणारा एक कैदी झाला. केतकी किंचाळत होती, मुकुंद तिच्याबरोबर उसनं घाबरत होता. एका वळणावर लांब काळ्या केसांचा टोप घातलेली एक मुलगी माझ्या अगदी नाकासमोर आली आणि फिस्कारली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने डोळे वटारून पुन्हा एकदा केलं. मी तिथेच. तिच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. मग टोपाआडून तिने हळूच विचारलं, "आर यू ओके, मॅम?"

"आय अॅम फाइन," मी म्हटलं. ती पुढच्या माणसाकडे वळली.

शेवटी किल्ल्याचा दारूखाना, म्हणजे दारूगोळ्याचं जुनं कोठार, लागला. जाड भिंतींची, बुटक्या छताची लांबट खोली. तिथे त्यांनी लढाईतलं इस्पितळ मांडलं होतं. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, खाटांवर पांढऱ्या चादरी, चादरींखाली माणसं. त्यातली कुठली खरी आणि कुठली नुसती उशा भरलेली, ते कळू नये अशी योजना. सासूबाईंना गार दगडाचा त्रास होत होता, त्या केतकीला घेऊन भराभरा पलीकडच्या दाराने बाहेर पडल्या. आम्ही दोघं मागे राहिलो.

तिसऱ्या खाटेवरच्या चादरीतून दोन उघडे पाय बाहेर आले होते. मोठे, पांढुरके, एका अंगठ्याला दोरीने चिठ्ठी बांधलेली. मुकुंद त्या पायांसमोर थांबला. मी त्याच्या मागे थांबले. चादर हळूहळू वर उठायला लागली, आतून कण्हण्याचा आवाज आला, आणि मुकुंदने दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवले.

भक्कन दिवे लागले. कण्हणं थांबलं. खाटेवर एक जाडगेला, टक्कल पडलेला गृहस्थ उठून बसला. त्याच्या मानेवर लाल रंगाची जखम होती. मुकुंद रडत होता. बारा वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"वासंती," तो म्हणाला.

"काय?"

"बाहेर जाऊन… नको, बाहेर केतकी आहे." त्याने बाहीने तोंड पुसलं. "वासंती, नाना गेले."

चार दिवस मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते आलं. ते आलं की आपल्यालाही रडू येईल, असं मी धरून चालले होते. काही झालं नाही. तो जाडा गृहस्थ एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मला तेव्हा "माहीत आहे मला" एवढं म्हणता आलं असतं.

"कधी?" मी विचारलं.

"बुधवारी. आपल्याकडे सकाळ होती."

"आज शनिवार आहे."

"हो."

"चार दिवस तू माझ्याबरोबर जेवलास."

"हेमंत विचारत होता गं, कळवायचं का म्हणून. मीच नको म्हणालो. तुझी परीक्षा… आधी दोनदा झालं होतं, पुन्हा सहा महिने थांबायचं… मला वाटलं, नानांनाही हेच…"

"नानांचं नाव काढू नकोस."

हे मी इतक्या थंडपणे म्हटलं की मुकुंद एक पाऊल मागे सरला. माझा आवाज मला परका वाटला, पण तो अगदी योग्य होता. फसवली गेलेली मुलगी असंच बोलेल. मी बोलत गेले. माझ्या बापाचं तोंड बघायचा हक्क तू कोण काढून घेणारा, असंही म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत होता.

जाड्या गृहस्थाने कोपऱ्यातून एक प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली आणि मला बसवलं. पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. त्याला शब्द एकही कळला नसणार, पण काय घडलंय ते कळलं होतं. पुढचा घोळका दारात आला तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मी पाणी पिईपर्यंत पोटावर हात जोडून उभा राहिला. उभ्या किल्ल्यात त्या घटकेला खोटं वागत नव्हता तो फक्त तोच.

बाहेर सासूबाई बाकावर बसल्या होत्या. तिथे सफरचंदाचा गरम रस मिळत होता, त्यांनी आमच्यासाठी दोन पेले घेऊन ठेवले होते. त्यांनी मुकुंदचा चेहरा पाहिला.

"सांगितलंस?"

"हो."

त्यांनी पुढे केलेला पेला माझ्या हातात न देता बाकाच्या कडेला ठेवला. "ठेवलाय, घे," म्हणाल्या. मग बोटांची पेरं मोजली. "आज शनिवार. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवस. ऐकल्यापासून धरायचे. मंगळवारी न्हायचं. तोवर देवाकडे फिरकू नकोस, चुलीकडे मी बघते."

"आणि हे चार दिवस?" मी विचारलं. "मी रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला. परवा नैवेद्यसुद्धा दाखवला."

"तू ऐकलं नव्हतंस ना? मग सुतक कुठलं? ऐकल्याशिवाय लागत नाही." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणूनच तर मी गप्प राहिले. तुला त्याचा काही दोष नाही हो. माहीत असून केलं असतंस तर गोष्ट वेगळी."

केतकीला तेव्हा कळलं आणि ती मोठ्याने रडायला लागली. भुतांना बघून रडतेय असं वाटून तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने तिला एक चॉकलेट आणून दिलं. मी तिला जवळ घ्यायला गेले आणि सासूबाई काही बोलायच्या आत तिला पोटाशी धरलं. त्यांनी मान वळवली.

तीन दिवस मी मागच्या लहान खोलीत सुतक पाळलं. सासूबाई ताट दारात ठेवायच्या. पलंगावर गादी नको म्हणून मी जमिनीवर चटई टाकून झोपले. सगळं अगदी रीतसर झालं, फक्त चार दिवस उशिराने.

रविवारी हेमंतचा फोन आला. तो आधी रडला, मग म्हणाला, "ताई, माझ्यावर राग धरू नकोस. नाना जायच्या आधीच मी भावोजींना विचारलं होतं, ताईला पाठवता का म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, फार तर दोन-तीन दिवस. भावोजी म्हणाले, शनिवार होऊ दे. मी लहान, मी काय बोलणार?"

मागून काकूचा आवाज येत होता. "त्या माणसाला विचार, स्वतःचा बाप असता तर असंच केलं असतंस का." हेमंतने रिसीव्हरवर हात ठेवला, पण मला ऐकू आलं होतं. पुढे कित्येक वर्षं वाईला हेच बोललं जायचं. मुकुंद तिथे गेला की बायका पाण्याचा पेला ठेवून आत निघून जायच्या. तो बिचारा पाणी पिऊन पेला विसळून ठेवायचा.

सोमवारी संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसला. आत आला नाही, आईचा नियम मोडला नाही.

"तुला अजून एक सांगायचंय," तो म्हणाला. "हेमंतने सांगितलंच असेल. आठ दिवसांपूर्वी, रविवारी रात्री, त्याचा फोन आला होता. मी गॅरेजमध्ये जाऊन बोललो, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हा नाना होते. शुद्धीवरही होते. तू सोमवारी निघाली असतीस तर बुधवारी सकाळी पोचली असतीस. संध्याकाळी ते गेले."

मी चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

"परीक्षेचं मी तुला विचारायला हवं होतं. जायचं की बसायचं, ते तू ठरवायला हवं होतंस. मी तुला ठरवूच दिलं नाही." मग म्हणाला, "वासंती, तुला जराही शंका आली नव्हती?"

त्या घरात कपडे वाळवायचं मशीन गॅरेजच्या दाराला लागूनच होतं. त्या रविवारी रात्री मी केतकीचे कपडे काढायला टोपली घेऊन खाली गेले होते. मशीन थांबलं होतं, दार पातळ होतं. मुकुंद म्हणत होता, "दोन-तीन दिवस म्हणजे नक्की किती?" मग तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "शुद्धीवर आहेत का? तिला विचारतायत का?" पुन्हा शांतता. मग अगदी हळू, "शनिवार होऊ दे रे हेमंत. तिला हे कळलं तर ती बसणार नाही."

त्याची माझ्याविषयी एवढी खात्री होती.

दार उघडायला एक हात पुरला असता. मी कपडे टोपलीत भरले, वर आले, पलंगावर बसून घड्या घातल्या. मोज्यांच्या जोड्या लावल्या. मग पुस्तक उघडलं आणि साडेअकरापर्यंत वाचत बसले, आणि वाचलेलं सगळं लक्षात राहिलं. सोमवारी वाचलं, मंगळवारी वाचलं. तिसऱ्यांदा नापास व्हायचं नव्हतं. कुणी मला विचारलं असतं तर मला "जाते" म्हणावं लागलं असतं, आणि म्हणून कुणी विचारू नये असं मला वाटत होतं. मुकुंदने विचारलं नाही. मी मनातून त्याचे आभार मानले होते. नाना तिकडे माझ्या वाटेकडे डोळे लावून होते आणि मी इकडे मोजे जुळवत होते. तेव्हा मला याची लाजही वाटली नाही. ती बऱ्याच उशिरा वाटली, आणि एकदा आली ती काही गेली नाही.

मुकुंद उंबऱ्यावर बसून उत्तराची वाट पाहत होता. त्याचे डोळे सुजले होते.

"नाही," मी म्हणाले.

त्या परीक्षेत मी पास झाले. एकवीस वर्षं औषधाच्या दुकानात काम केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. सासूबाई गेल्या, केतकीचं लग्न झालं. मुकुंदने त्यानंतर माझ्यापासून कधीही काही लपवलं नाही. वाईट बातमी आली की तो मला दुकानातसुद्धा फोन करून सांगायचा, गिऱ्हाईक समोर असलं तरी. आणि दरवर्षी आश्विन वद्य तृतीयेला, नानांच्या तिथीला, तो दिवसभर काही खात नाही. हे त्याने कुणाला न विचारता सुरू केलं. मीही कधी कारण विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, उपास अजिबात करायचा नाही. त्या आश्विनात मीही म्हटलं, "आता पुरे कर. नानांनी कधीच माफ केलं असेल."

"नानांचं नाही गं," तो म्हणाला. "तुझं तोंड मला त्या मागच्या खोलीतलं आठवतं. वर्षातून एक दिवस आहे, तेवढा राहू दे."

आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. केतकी नव्हती, सासूबाई नव्हत्या, ऐकायला दुसरं कुणीही नव्हतं. एक वाक्य बोलले असते तर हा माणूस समोरच्या टेबलावर बसून पोटभर जेवला असता.

मी त्याच्या गोळ्यांचा डबा काढला. उपाशीपोटी कुठली चालणार नाही ते मला पाठ आहे. त्या बाजूला काढल्या आणि दिवसभराच्या वेळा बदलून एका कागदावर लिहून दिल्या. तो कागद फ्रिजवर लावलेला आहे. दरवर्षी तोच चालतो.